एक जुलैचे गुरुजी

आमच्या गावात निम्मं गाव एक जुलैला जन्मलेलं आहे. चेष्टा नाही करत. सरपंच एक जुलैचे, पोलीस पाटील एक जुलैचे, चक्कीवाला एक जुलैचा आणि त्याची बायकोही एक जुलैचीच. त्या दिवशी मोबाइलवरच्या गावगटात सकाळी सहापासून केकांचा आणि जोडलेल्या हातांचा असा पूर येतो की शेवटी फोन डब्यात घालून ठेवावा लागतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, काय योगायोग आहे! योगायोग कसला डोंबलाचा? शाळेत नाव घालताना ज्याची जन्मतारीख माहीत नाही त्याची एक जुलै लिहायची, ही आमच्याकडच्या जुन्या मास्तरांची रीत. पोर साधारण सहाचं दिसलं की झालं. मागे सहा वर्षं मोजायची आणि एक जुलै ठोकून द्यायची.

लांजेवार गुरुजी त्या रीतीतले शेवटचे. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. दिघोरीहून आत चार-पाच किलोमीटर, एवढंच धरून चाला. नाव सांगितलं तर त्यांचे सगळे विद्यार्थी माझ्या दारात उभे राहतील आणि म्हणतील, मॅडम, तुम्ही आमच्या गुरुजींची चूक चारचौघांत काहून सांगितली?

मी सांगणार. कारण त्या चुकीत माझाही हात आहे, आणि तो मला अजून खुपतो.

मी भंडारा शहरातली. नियमाची बाई. बदली होऊन त्या शाळेत गेले तेव्हा पाच वर्ग आणि आम्ही दोन शिक्षक, ते मुख्याध्यापक आणि मी. पहिल्याच दिवशी वर्गात पाय टाकला तर काय? कोपऱ्यात पोत्यावर दोन-अडीच वर्षांचं एक लेकरू तोंडात अंगठा घालून झोपलेलं, दाराशी एक म्हातारी भिंतीला टेकून बसलेली आणि तिच्या शेजारी तिची बकरी. गुरुजी फळ्यावर तिघांकडे पाठ करून बेरीज लिहीत होते.

"गुरुजी, पट किती आहे शाळेचा?" मी विचारलं.

"एकतीस."

"मग इथं चाळीसच्या वर कसे बसलेत?"

त्यांनी वळून पाहिलं. उंच, काटकुळे, खिशाला तीन पेन आणि डोळ्यांत असा निरागस भाव की मला आणखीच राग आला. म्हणाले, "बसू द्या न मॅडम. जागा का सरून राहिली?"

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हणू शकेन. दुसऱ्या शाळेतून काढलेला पोरगा आला, बसू द्या न. आजीला गोष्ट ऐकायची आहे, बसू द्या न. शिक्षणावर मोठमोठ्या प्रशिक्षणांमध्ये मी डोकेदुखी होईपर्यंत भाषणं ऐकली आहेत. गुरुजींचं सगळं शिक्षणशास्त्र त्या एका वाक्यात संपत होतं. जो दारात आला त्याला आत घ्यायचं, बाकीचं मग पाहू.

बकरीला मात्र मी बाहेर काढलं. तेवढं मला त्यांनी करू दिलं.

त्यांचं अक्षर मोत्यासारखं वगैरे मी म्हणणार नाही, पण फळ्यावर त्यांनी लिहिलेली ओळ पुसायला हात धजत नसे. मुलांना त्यांनी कधी मारलं नाही. ओरडलेही नाहीत. राग आला की ते बोलणं बंद करायचे आणि कोपऱ्यातला खराटा उचलून झाडायला लागायचे. थोडा राग असला तर वर्ग, जास्त असला तर व्हरांडा, फारच झाला तर अख्खं पटांगण. पोरांना बरोबर कळायचं. "गुरुजी व्हरांड्यात गेले रे," असं एकानं म्हटलं की सगळे चिडीचूप. शिक्षण खात्याचे एक साहेब एकदा तपासणीला येऊन "ग्रामीण पालकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही" असं बोलून गेले. त्यांची गाडी वळणापार गेली आणि गुरुजींनी भर उन्हात पटांगण काढलं झाडायला. मी म्हटलं, अहो, सकाळी झाडलंय. तर म्हणाले, "कचरा पडला न आता."

पालकांना महत्त्व कळत नाही, हे त्यांना सहनच व्हायचं नाही. "कळते हो," म्हणायचे. "पण परे पिवळे पडले तं वर्षाचं धान जाते, हे बी कळते."

तुम्ही आमच्या भागातले नसाल तर सांगते. परे म्हणजे धानाची रोपं, वेळेत लावली नाहीत तर पिवळी पडतात. जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी चालते. बायका सकाळी बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरात, उतरतात, चिखलात वाकून ओळीनं रोपं लावत मागे सरकतात, ते थेट संध्याकाळपर्यंत. घरी लहान लेकरू असेल तर ते सांभाळणार कोण? मोठी पोरगी. ती असते तिसरीत, चौथीत, पाचवीत. अंगणवाडी दुपारी सुटते, त्यानंतर काय? म्हणून रोवणी लागली की आमच्या वर्गातल्या मुली पटापट गायब व्हायच्या. काही परत यायच्या. काही येतच नसत.

गुरुजी त्या दिवसांत शाळेच्या आधी छत्री घेऊन शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं फिरायचे. पोरींना नाही, हाक मारायचे त्यांच्या आयांना. एकदा मलाही नेलं. धुऱ्यावर उभं राहून ओरडले, "कुसुमची माय! कुसुम चार दिवस झाले दिसून नाही राहिली!"

ओळीतून एक बाई कंबर सरळ करून उभी राहिली. सुमन तिचं नाव, पण गावात ती कुसुमची माय. "गुरुजी, लायनी पोरगी आहे न घरी. तिले कोण पाहीन?"

"तिले बी पाठव."

"अन् मंग एक माणूस कमी पडते रोवाले. तुम्ही येता का?"

सगळी ओळ खदखदून हसली. गुरुजींनी छत्री माझ्या हातात दिली, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरले की हो बांधीत! मी धुऱ्यावर दोन छत्र्या धरून उभी. अर्धा तास त्यांनी रोपं लावली. बायकांच्या ओळी सरळ आणि मध्ये यांची एकच ओळ वाकडीतिकडी, इकडे दाट, तिकडे टक्कल.

"गुरुजी," एक म्हातारी म्हणाली, "फळ्यावर तुमची ओळ अशी सरळ रायते, अन् इथं काहून बेडकावानी उड्या मारून राहिली?"

"मास्तर नवा आहे न माय. शिकून घेईन." आणि चिखलाचे हात जोडून म्हणाले, "पण कुसुमले पाठव."

दुसऱ्या दिवशी कुसुम आली. पाचवीतली, शांत, हुशार पोरगी. कडेवर धाकटी मोहिनी. साडेचार वर्षांची असेल. नाक वाहतंय आणि डोळे सगळीकडे भिरभिरतायत.

आता माझी गोष्ट. मोहिनी आठवडाभर बसली, पंधरा दिवस बसली. खिचडी खायची, पाढे म्हणायची, पहिलीच्या पोरांना चुका दाखवायची. पण पटावर नाव नाही. कोणी तपासणीला आलं तर? पोराला काही झालं तर जबाबदार कोण? मी गुरुजींना ठणकावून सांगितलं, "बसवायचं तर नाव घाला. नाव घालायचं नसेल तर बसवू नका. मला असलं मधलं चालत नाही."

 मोहिनीला घरी पाठवलं तर कुसुमही तिच्यामागे जाणार, हे आम्हा दोघांना माहीत होतं. मग त्यांनी दाखल-खारीज रजिस्टर काढलं, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पोराची नोंद ज्यात असते ते. तिच्या बापाची, शालिकभाऊंची सही घेतली आणि आपल्या सुंदर अक्षरात मोहिनीचं नाव लिहिलं. जन्मतारीख एक जुलै. सहा वर्षं पूर्ण. पोरगी कागदावर एका रेघेत सव्वा-दीड वर्षानं मोठी झाली.

मी पाहत होते. मी काहीच बोलले नाही. नाव पटावर आलं, माझा नियम पाळला गेला. संपलं.

गुरुजींना ते खोटं टोचत नव्हतं असं नाही. त्यांची एक वेगळीच तऱ्हा होती. दरवर्षी पहिली-दुसरीच्या पोरांना ते एक काम द्यायचे. घरी जायचं आणि आईला विचारायचं, माझा जन्म झाला तेव्हा काय चाललं होतं? तारीख नको, काय चाललं होतं ते सांग. दुसऱ्या दिवशी पोरं एकेक उत्तर घेऊन यायची. गाय व्याली होती. नदीला पूर होता, दाई नावेतून आली. बाबा गोसीखुर्दच्या धरणावर कामाला होते. लाखोळी काढणं चाललं होतं. गुरुजी हे सगळं वर्गाच्या मागच्या भिंतीवर खडूनं लिहायचे, प्रत्येकाच्या नावापुढे. आणि तो दिवस आला की पोराला पुढे उभं करून सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. लाखोळीवाल्या पोराच्या दिवशी सगळे खिशात शेंगा घेऊन यायचे.

एकदा एका पोराची आई शाळेत आली. भिंतीसमोर उभी राहिली, वाचता येत नव्हतं म्हणून पोराकडून वाचून घेतलं आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी घाबरले. म्हणाली, "काही नाही मॅडम. त्या दिवशी मी किती मरत होतो, ते मले आजवर कोणीच नव्हतं विचारलं."

मी गुरुजींना विचारलं होतं, तुमच्या नावापुढे काय? ते मूळचे तिकडे सिहोऱ्याकडचे. म्हणाले, "माझी बी एक जुलैच. मी दोन वर्षांचा असताना माय गेली. सांगणारं कोणी राहिलंच नाही." मग हसून म्हणाले, "म्हणून मी तीस जूनले रिटायर होणार. शाळा उघडली का चार दिवसांत घरी. माझ्या मास्तरानं पक्की सोय करून ठेवली."

मोहिनीच्या नावापुढे भिंतीवर लिहिलं होतं, "मंडईच्या दिवशी." आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, उकडलेले शिंगाडे, पाहुणे, रात्री नाटक. कुसुमची माय त्या दिवशी सकाळी पाहुण्यांसाठी वडे तळताना मध्येच उठली आणि दुपारी घरातच मोकळी झाली. नोंद करायला ग्रामपंचायतीत कोण जाणार? सगळं गाव मंडईत होतं.

वर्षं गेली. कुसुम पाचवी झाली, सहावीला दिघोरीला सायकलनं जायला लागली. मोहिनी मागून वर चढत आली. ही पोरगी गणितात अशी की मी उत्तर काढेपर्यंत तिनं पाटी पालथी ठेवलेली असायची. पाचवीत गुरुजींनी तिला एका सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवलं. सहावी ते बारावी तिथंच राहणं, तिथंच शिकणं, एक पैसा खर्च नाही. आमच्या शाळेतून आजवर कोणी लागलं नव्हतं. शाळा सुटल्यावर गुरुजी तासभर तिला घेऊन बसायचे. अर्ज त्यांनीच भरला, रजिस्टरातली तारीख टाकून. दुसरी टाकणार कुठून?

मोहिनी लागली.

गावानं डोक्यावर घेतली तिला. शालिकभाऊ गावभर पेढे वाटत फिरले. माणूस एरवी कोणाशी दोन शब्द बोलायचा नाही, तो गुरुजींच्या पायाशी वाकला. आणि मग पडताळणीचं पत्र आलं. ग्रामपंचायतीचा जन्म दाखला आणा.

त्यात वयाची अट होती, या तारखेपासून या तारखेपर्यंत जन्मलेलेच. मी कागद घेऊन हिशेब केला. दोनदा केला. रजिस्टरच्या तारखेनं मोहिनी बरोबर बसत होती. खऱ्या तारखेनं साडेतीन-चार महिन्यांनी लहान पडत होती. पुढच्या वर्षी पुन्हा बसवावं म्हटलं तर तेही नाही, पाचवीचं ते एकच वर्ष. त्या पोरीला दीड वर्ष आधी शाळेत घातलं नसतं तर ती वयात बसली असती. घातलं आम्हीच.

ग्रामपंचायतीत नोंद नव्हतीच. तसा कागद मिळाला. म्हणजे मग शाळेचाच दाखला चालणार. मुख्याध्यापकांनी फक्त पडताळणीला जाऊन लिहून द्यायचं, रजिस्टरातली तारीख बरोबर आहे. एक सही. एवढंच.

मी, जी नियमाची बाई, ती गुरुजींना म्हणाले, "द्या लिहून. कोणाचं काय जातंय? तुम्हाला तीन आठवडे राहिलेत निवृत्तीला. आता कुठं चौकशा ओढवून घेता?"

ते उठले आणि खराटा घेऊन वर्ग झाडायला लागले.

पडताळणीला आम्ही चौघं गेलो. मोहिनी, शालिकभाऊ, गुरुजी आणि पोरीसोबत बाई हवी म्हणून मी. मोहिनीनं नवा फ्रॉक घातला होता, वेणीला लाल रिबिनी. एसटीत गुरुजींच्या शेजारी बसून तिचे प्रश्न चालले होते, तिथं खिडकी असते का, तिथं रात्री लाइट जाते का. गुरुजी उत्तरं देत होते, पण माझ्याकडे पाहत नव्हते.

पडताळणी करणारा साहेब भला माणूस होता. सकाळपासून कागद पाहून दमलेला. आमची फाइल उघडली आणि हसला. "गुरुजी, तुमच्याकडं पण एक जुलै! आज ही सातवी." पोरीकडं बघून सहज, लाडानंच विचारलं, "काय गं, तुझा वाढदिवस कधी असतो?"

मोहिनीनं क्षणभर विचार केला. मग अगदी शहाण्यासारखं विचारलं, "रजिस्टरातला का खरा?"

साहेबांचं हसू तसंच राहिलं. शालिकभाऊंनी मान वर केली. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी आत जावं. मी गुरुजींच्या बाहीला खालून ओढलं. पोरगी त्यांच्याकडे पाहत होती. वर्गात उत्तर सांगण्याआधी पाहायची तसंच. ते "रजिस्टरातला" म्हणाले असते तर तिनं एक जुलै सांगितलं असतं आणि साहेबांनी शिक्का मारला असता, मला आजही खात्री आहे.

गुरुजी म्हणाले, "खरा सांग, बाई."

"मंडईच्या दिवशी," मोहिनी म्हणाली. "कुसुम अंगणवाडीत होती तवा."

मग सगळं सरळच होतं. ही कुसुम आता कितवीत, ते विचारून साहेबांनी बोटांवर वर्षं मोजली आणि पेन खाली ठेवलं. गुरुजींनी तिथंच कागद मागून आपल्या सुंदर अक्षरात लिहून दिलं, ही तारीख मी अंदाजानं लिहिली, मुलीचा किंवा पालकांचा यात दोष नाही. खाली सही केली. मोहिनीला तेव्हाही कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "झालं का? मी बरोबर सांगितलं न?"

कोणीच उत्तर दिलं नाही तेव्हा तिला कळलं. ती रडली नाही. रिबिनी सोडल्या आणि मुठीत धरून बसली.

परतीच्या एसटीत शालिकभाऊ वेगळे बसले. गावच्या फाट्यावर उतरल्यावर गुरुजींसमोर उभे राहिले आणि एकच वाक्य बोलले, "गुरुजी, पोरीच्या तोंडचा घास काढला तुम्ही." पोरीचा हात धरला आणि चालायला लागले. त्यानंतर ते गुरुजींशी बोलले नाहीत.

मी मात्र बोलले. शाळेत येऊन असं बोलले, असं बोलले की आज लाज वाटते. तुम्हाला स्वतःचं खरेपण मिरवायचं होतं, म्हटलं. नाव घालताना कुठं गेलं होतं खरं? एका पोरीच्या जन्माचं वाटोळं केलंत तुम्ही! ते ऐकत राहिले. मग खराटा घेऊन पटांगणात गेले. जूनचं ऊन होतं, दुपारचे तीन. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडलं आणि पुन्हा पहिल्या टोकाला जाऊन नव्यानं सुरुवात केली. तेव्हा मला समजलं, हा राग माझ्यावर नाही, साहेबांवर नाही. मी आत जाऊन पाणी आणलं. त्यांनी घेतलं नाही.

खात्यानं खुलासा मागवला. त्यांनी खुलासाही तसाच खरा लिहिला. त्यात माझं नाव कुठंच नव्हतं. शेवटी ताकीद देऊन प्रकरण मिटलं. त्या तीन आठवड्यांत त्यांनी एकच काम केलं. मोहिनीच्या आईचा जबाब, दाईचा जबाब, अर्ज, मंजुरी, सगळं पायी फिरून गोळा केलं आणि रजिस्टरात तिची तारीख दुरुस्त करून घेतली. तीस जूनला खुर्ची सोडली. निरोपाला सगळं गाव होतं. शालिकभाऊंचं घर सोडून.

शालिकभाऊंनी तर म्हणून टाकलं होतं, बस झालं शिकणं, पाचवी पुष्कळ झाली. त्यांच्यासमोर उभी राहिली कुसुम. तेव्हा ती दहावीत गेलेली. मी त्यांच्या गल्लीतच राहते, माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणाली, "बाबा, ती मागं सायकलवर बसंल. मी घेऊन जाईन. ती नाही तं मी बी नाही." आणि नेली. रोज पाच किलोमीटर, बहिणीला मागे बसवून, चिखलातून, उन्हातून. गुरुजींनी जिच्यासाठी ते खोटं लिहिलं होतं, ती पोरगी ही.

त्या वर्षीच्या मंडईला गुरुजी आले. सिहोऱ्याहून इथवर यायला तीन गाड्या बदलाव्या लागतात, पहाटे निघालं तर दुपार होते. हातात पिशवी, पिशवीत कंपासपेटी. मोहिनी पाळण्यामागे लपली, समोर आलीच नाही. त्यांनी पेटी माझ्याकडे दिली. मी नेऊन दिली, तिनं परत पाठवली. दुसऱ्या वर्षी पुन्हा आले, गणिताचं पुस्तक घेऊन. ते तिनं माझ्या हातून घेतलं, पण गुरुजींना भेटली नाही. ते शिंगाडे घेऊन माझ्या ओट्यावर बसले, खाल्ले आणि चारच्या गाडीनं गेले. मी म्हटलं, कशाला एवढी दगदग करता? म्हणाले, "तिचा दिवस आहे न."

तिसऱ्या वर्षी ते खूप वाळले होते. चालताना थांबत होते. आम्ही दोघं शिंगाड्याच्या दुकानाशी उभे होतो आणि मोहिनी स्वतःच समोर आली. आठवीतली, उंच झालेली. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाली, "गुरुजी, तवा मी रजिस्टरातला सांगतला असता तं?"

"तं तू आज तिथं असती," गुरुजी म्हणाले.

मला वाटलं होतं, सारवासारव करतील. केली नाही.

"मंग 'खरा सांग' काहून म्हणलं?"

गुरुजींनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. पाळण्याचा गोंगाट चालला होता. मग म्हणाले, "तू माझ्याकडं पाहून राहिली होती. मले तुझ्या तोंडावर खोटं सांग म्हणणं नाही जमलं. मोठा विचार केला, असं नाही. नाही जमलं, एवढंच."

ती तशीच उभी.

"तुले शाळेत बसवलं, ते नाही चुकलं माझं," ते म्हणाले. "ते मी पुन्हा करीन. पण तुझी तारीख मी माझ्या मनानं लिहिली. ते चुकलं. तुझं नुकसान झालं, ते माझ्यानं झालं, बाई." आणि माझ्यादेखत, मंडईत, लोकांच्या गर्दीत, त्या माणसानं आपल्या आठवीतल्या विद्यार्थिनीसमोर हात जोडले.

मी तीस वर्षं मास्तरकी केली. शिक्षकानं पोराची माफी मागितलेली तेव्हा एकदाच पाहिली. मी स्वतः कधी मागितली नाही. त्या पोरीचीही नाही.

मोहिनीनं त्यांचे हात धरून खाली केले. काही गोड बोलली वगैरे नाही. त्यांच्या खांद्याची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली आणि म्हणाली, "चला घरी. मायनं वडे केले हायत."

"शालिक?"

"हायत घरीच. चला न."

ती पुढे निघाली. ते तिच्यामागे, दमानं. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथंच थांबले, पुढे जायचा धीर झाला नाही. अंगणात शालिकभाऊ खाटेवर बसले होते. त्यांनी आधी पोरीला पाहिलं, मग तिच्या खांद्यावरची पिशवी पाहिली, मग मागून येणाऱ्या गुरुजींना.  अडीच वर्षं न बोललेला माणूस.

ते तेव्हाही बोलले नाहीत. उठले, खाट उन्हातून ओढून सावलीत घेतली, तिच्यावर गोधडी टाकली आणि तांब्या आणायला आत गेले.